गावच्या घराला सेप्टिक टाकी की एरोबिक प्लांट? विहीर जवळ आहे

अंगणवेल
गुहागर तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवून तिथेच नवं बांधतोय. जागा पाच गुंठे. मागच्या परसात, चढाच्या बाजूला आमची विहीर आहे. जमीन उत्तरेला उतरत जाते आणि त्या उतारावर गडग्यापलीकडे शेजारच्या काकांची विहीर. दोन्ही घरं पिण्याचं पाणी याच विहिरींचं वापरतात. गवंडी म्हणतो, उत्तरेला सेप्टिक टाकी घेऊ आणि पुढे पंधरा फूट खोल शोषखड्डा मारू. तो खड्डा काकांच्या विहिरीपासून जेमतेम १२ मीटरवर येतो. चिपळुणातल्या एका विक्रेत्याने हवेच्या पंपावर चालणारा एरोबिक प्लांट सुचवलाय. तो म्हणतो, त्यातून बाहेर येणारं पाणी स्वच्छ असतं, अंतराची काळजीच नको.

घरात वर्षभर आईबाबा दोघंच. गणपतीत आणि शिमग्याला आम्ही पंधरा-अठरा जण. पाया खणायच्या आधी ठरवायचंय. कुणी असा प्लांट गावी वापरलाय का? शेजारच्या विहिरीला आमच्यामुळे काही झालं तर ते मला चालणार नाही, एवढं एक पक्कं आहे.

रिकामीवेळ
अठरा माणसं आणि संडास किती? आधी तो आकडा सांगा, टाकीचं मागाहून बघू. गणपतीत सकाळी सहाला रांगेत उभं राहिलेल्यालाच या प्रश्नाचं महत्त्व कळतं. :)

चिरेखाण
अंगणवेल ताई, पाया खणायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक स्लॅब पडल्यावर विचारतात. मी रत्नागिरी जिल्ह्यात बांधकाम खात्यात नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेप्टिक टाकी पाणी शुद्ध करते हा समज आधी डोक्यातून काढा. टाकीत मैला खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, हवेशिवाय जगणारे जीवाणू त्यातला काही भाग पचवतात. सेंद्रिय घाण साधारण तीस ते पन्नास टक्के कमी होते, बस्स. बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरं शुद्धीकरण होतं ते पुढे मातीत. मातीचे कण गाळतात, मातीतले जीवाणू खातात, आणि हे सगळं वरच्या दोन-तीन फुटांत सगळ्यात चांगलं होतं, कारण हवा तिथेच खेळते.

आता आपला जांभा बघा. वर हातभर लाल माती, खाली जांभ्याचा कातळ, तो भोकांनी आणि भेगांनी भरलेला, त्याखाली शेडी, म्हणजे पाणी अडवणारा चिकण मातीचा थर. पाणी जांभ्यातून सरळ खाली जातं, शेडीवर अडतं आणि उताराने धावत सुटतं. वाटेत गाळायला काहीच नाही. पंधरा फूट खोल खड्डा म्हणजे माती टाळून थेट विहिरीच्या झऱ्यात पाणी सोडणं. गवंड्याला खोल खड्डा आवडतो कारण तो कधी तुंबत नाही. का तुंबत नाही, ते आता लक्षात आलं असेल.

भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब हवी. भेगाळ जांभ्यात मी तेही कमीच धरेन. तुमचे १२ मीटर तर बसतच नाहीत, तेही उताराच्या बाजूला. ती जागा रद्द.

मधुमालती
पुण्याजवळ आमच्या बंगल्यांच्या सोसायटीत एरोबिक प्लांट आहे. पगारी माणूस रोज बघतो तोवर उत्तम चालतो, बागेला पाणी पुरतं, वास नाही. तो माणूस रजेवर गेला आणि हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की दोन दिवसांत सगळ्या आळीला कळतं. आमच्याकडे चाळीस घरं खर्च वाटून घेतात. एका घराला हे कितपत झेपेल?

ऑस्टिनकर
इथे टेक्सासमध्ये आमच्या घराला हाच प्रकार आहे, म्हणून लिहिते. शहराबाहेरच्या घरांना गटार नाही. जमीन एक तर चिकणमाती, नाही तर वीतभर माती आणि खाली चुनखडक, त्यामुळे साधी शोषचर चालत नाही आणि एरोबिक प्लांट सर्रास दिसतात.

आतली रचना अशी. पहिल्या टाकीत जाड गाळ अडतो. दुसरीत छोटा पंप चोवीस तास तळातून बुडबुडे सोडतो, तिथे हवेवर जगणारे जीवाणू घाण खातात. ते काम सेप्टिकपेक्षा कितीतरी वेगाने होतं. तिसऱ्या कप्प्यात पाणी निवळतं, मग क्लोरीनच्या गोळ्यांवरून जातं आणि शेवटी फवाऱ्याने गवतावर पडतं. आमचे फवारे मध्यरात्रीनंतर चालतात, कारण त्या वेळेत चालवले तर कुंपणापासूनच्या अंतरात सूट मिळते. भाजीपाल्यावर मात्र हे पाणी घालायचं नाही.

आता विक्रेता काय सांगत नाही ते. इथे पहिली दोन वर्षं देखभालीचा करार सक्तीचा असतो आणि दर चार महिन्यांनी तपासणीचा अहवाल काउंटीला जातो. पंप बंद पडला तर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. गोळ्या सांडपाण्यासाठीच्या वेगळ्या मिळतात. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या त्यात टाकणं धोक्याचं आहे, स्फोटक वायू तयार होऊ शकतो. गाळ इथेही साठतो आणि काही वर्षांनी उपसावाच लागतो. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात इथली वीज कित्येक घरांत दिवसेंदिवस नव्हती, तेव्हा हे सगळे प्लांट नुसत्या टाक्या होऊन बसले होते.

तेव्हा प्लांट वाईट नाही. पण इथे त्याच्यामागे कायदा आणि तपासायला येणारा माणूस दोन्ही उभे आहेत. तुमच्या विक्रेत्याला विचारा, चार महिन्यांनी गुहागरला कोण येणार?

आंजर्ले_लाटा
विजेचा मुद्दा अगदी बरोबर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. खांबच आडवे झाले होते. हवेचा पंप सोडा, विहिरीवरचा पंप बंद म्हणून लोक पुन्हा रहाटावर आले. वादळ नसतानाही पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

विजेचा खर्च म्हणाल तर फार नाही. ६० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला ४३ युनिट. प्रश्न पैशाचा नाहीच, खंडाचा आहे.

चिरेखाण
ऑस्टिनकर यांनी फार नेमकं लिहिलं. त्यात तुमच्या घरापुरती आणखी एक भर घालतो.

एरोबिक प्लांटमधले जीवाणू रोजच्या खुराकावर जगतात. माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे आईबाबांचं रोजचं साधारण २१५ लिटर आणि गणपतीत अठरा जणांचं १,९०० लिटरच्या वर. एकदम नऊ पट. छोटा प्लांट घेतलात तर गणपतीत न पचलेली घाण तशीच वाहून बाहेर पडेल. मोठा घेतलात तर उरलेलं वर्षभर जीवाणू उपाशी. आणि नेमकं भाद्रपदात, जेव्हा विहिरीचं पाणी काठाला आलेलं असतं, तेव्हाच हा सगळा भार जमिनीवर येणार. विक्रेत्याने ही दोन माणसं आणि अठरा माणसं विचारली होती का?

अंगणवेल
नाही विचारली. "घरात माणसं किती" एवढंच विचारलं, मी पाच सांगितलं.

काळीमाती
नांदेडकडून नमस्कार. आमच्याकडं उलटं दुखणं. काळी माती पाणी पीतच नाही, पावसात फुगती आणि शोषखड्डा वर येऊन वाहतो. तरी आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्यासाठी आमच्या जिल्ह्यात जादूचे शोषखड्डे झाले, हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी त्यासाठी लई गाजलं. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधी भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गावातल्या नाल्या बंद झाल्या, डबकी गेली, मच्छर गेले. घरापुढं एकदा ते बघितलं की माणूस दुसरं काही मागत नाही. पण एक ध्यानात घ्या, ते फक्त सांडपाण्याला. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही.

केळफूल
बरो धागो काढलास गो! आमच्या कणकवलीक गोपुरी आश्रम आसा. अप्पासाहेब पटवर्धनांनी थंयसर संडासाचे प्रयोग केले, मैल्याचां खत करून शेताक घातलां. आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. :)

काळीमाती यांनी महत्त्वाचं सांगितलं: दोन पाणी वेगळी ठेवा. आमच्या आज्याच्या घरी न्हाणीघराचं पाणी दगडी पन्हळीतून थेट केळी आणि अळवाला जायचं, भांड्यांचं माडाला. संडास लांब आगरात. सगळं पाणी एकाच पाइपात कोंबायची पद्धत स्लॅबच्या घराबरोबर आली. अठरा माणसांचं आंघोळीचं पाणी टाकीत जायला हवंच कशाला?

मधुमालती
पण आता साबण, शांपू, डिटर्जंट किती वाढलेत! केळी जगतील का?

केळफूल
जगतात. एकाच आळ्यात रोज घालू नका, दोन-तीन आळी करून पाणी फिरवा. स्वयंपाकघराच्या पाइपावर तेल अडवणारा छोटा चेंबर मात्र हवाच, नाही तर माती मेणचटते. अळू त्या पाण्यावर जोमाने वाढतं, पण खाण्याचं अळू तिथे लावू नका. शोभेचं किंवा कर्दळ लावा.

डॉ_परसदार
मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण वाढतात आणि बऱ्याचदा एकाच वाडीतून येतात. विहीर विचारली की एकच निघते. घरच्यांचं म्हणणं असतं, पाणी तर काचेसारखं आहे. असतंच. जंतू दिसत नाहीत.

अंगणवेल, बांधकामाआधी दोन्ही विहिरींचं पाणी तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. ग्रामपंचायतीत बाटलीची सोपी चाचणी मिळते. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात विष्ठेतले जंतू आले असल्याची दाट शंका. पक्क्या उत्तरासाठी जिल्हा प्रयोगशाळा. मानक असं आहे की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. पावसाळ्यात पुन्हा तपासा. उन्हाळ्यातला चांगला अहवाल पावसाळ्याची हमी देत नाही.

दुसरं, टाकीच्या हवेच्या पाइपाला वर बारीक जाळी बांधा. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास सेप्टिक टाकीतून हजारोंनी निघतात आणि हत्तीरोग पसरवणारे तेच.

तिसरं, आणि हे सगळ्यांनी वाचा. टाकी उपसायला कुणालाही आत उतरवू नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. एकाच घरातली दोन माणसं अशी गेलेली मी पाहिली आहेत. २०१३च्या कायद्याने साधनांशिवाय कुणाला असं आत उतरवणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं. सक्शनची गाडी झाकणापर्यंत पोचेल अशीच टाकीची जागा धरा.

रिकामीवेळ
विनोदाने सुरुवात केली होती, पण डॉक्टरांच्या या परिच्छेदाचं छापील पत्रक करून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायला हवं. आमच्या वाडीतली एकही टाकी गाडीला पोचेल अशी नाही. सगळ्या घराच्या मागे, गडग्याला चिकटून.

वास्तुप्रेमी
टाकी ईशान्येला येता कामा नये, वायव्येला घ्यावी असं आमच्याकडे सांगतात.

चिरेखाण
वायव्येला विहीर नसेल तर जरूर घ्या. आधी विहीर कुठे, मग उतार कुठे, मग दिशा. शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात मैला गेला तर कुठलीच दिशा शुभ नाही.

पाणलोट
दोन खड्ड्यांचा संडास कुणीच काढला नाही? सुलभने सत्तरच्या दशकापासून हाच प्रसार केला आणि खेड्यात सरकारचाही भर त्यावरच आहे. एक खड्डा भरला की इंग्रजी 'वाय'च्या आकाराच्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. दीड-दोन वर्षं बंद राहिलेल्या खड्ड्यातून कोरडं, बिनवासाचं खत निघतं. मी देहूला ते हातात घेऊन पाहिलंय, चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत. तिथे डॉ. मापुसकरांनी आयुष्य या कामात घातलं, मैल्यापासून गॅस देणारा 'मलप्रभा' संडासही रुजवला. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. उपसायला गाडी नको, वीज नको.

चिरेखाण
पाणलोट, मीही दोन खड्ड्यांचाच माणूस. पण त्याची अट अशी की खड्ड्याचा तळ भूजलापासून दोन मीटर वर हवा. यांच्याकडे श्रावणात पाणी कुठवर चढतं त्यावर ते ठरेल. अडचणीच्या जमिनीत तळ पक्का करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा थर देतात, तो उपाय जांभ्यातही चालतो. अंगणवेल ताई, भर पावसात विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खाली असतं?

अंगणवेल
बाबांना विचारलं. ऑगस्टमध्ये कठड्याजवळ बसून तांब्याने पाणी घेता येतं म्हणाले. पुढच्या बाजूला, रस्त्याकडे, जमीन थोडी उंच आहे. फीत लावून मोजलं तर तिथून दोन्ही विहिरी २४-२५ मीटरवर येतात. गाडीही तिथेच थांबते. फक्त पाहुणे येतात ती बाजू, म्हणून आई नाराज आहे.

ऑस्टिनकर
आईंना सांगा, माझ्या पुढच्या अंगणात दोन हिरवी झाकणं आहेत आणि मी त्यांच्याभोवती जास्वंद लावली आहे. कुणी विचारतही नाही.

चिरेखाण
मग उत्तर जवळजवळ मिळालं. पाणी इतकं वर येत असेल तर दोन खड्डे पुढच्या बाजूलाही नकोत. मी असं करीन:

संडासाचं पाणी तेवढं पुढच्या टाकीत. टाकी दहा माणसांची घ्या, मानकाप्रमाणे आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर. मध्ये भिंत घालून दोन कप्पे, पहिला दोन-तृतीयांश. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही पाइपांना आत 'टी' (टीच्या आकाराचा पाइपाचा तुकडा) हवाच, नाही तर वरची साय सरळ बाहेर जाते. गवंडी हा टी विसरतात किंवा नंतर बसवतो म्हणतात. समोर उभं राहून बसवून घ्या. फक्त संडासाचं पाणी माणशी ३० लिटर धरलं तर गणपतीतही ५४० लिटर होतं, म्हणजे पाणी टाकीत तीन दिवस थांबतं. आंघोळीचंही त्यात सोडलं असतं तर एक दिवससुद्धा थांबलं नसतं. दोन पाणी वेगळी करायचा खरा फायदा हा.

टाकीतून निघालेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यात. तळ आणि बाजू पक्क्या, आत ६० सेंटीमीटर खडी, पाण्याची पातळी खडीच्या चार बोटं खाली, म्हणजे डास नाहीत. माणशी दीड-दोन चौरस मीटर लागतं, पाचजणांचा धरून ८ ते १० चौरस मीटरचा करा. गणपतीत भार वाढेल, पण पाणी थोडं आणि टाकी मोठी, त्यामुळे निभावेल. त्यापुढे लाल मातीचा उंच भराव करून त्यात भोकांचे पाइप उथळ टाका, वर केळी. खोल खड्डा कुठेही नाही. वाफ्यावर पावसाचं पाणी येऊ नये म्हणून भोवती बांध, आणि पागोळ्यांचं पाणी दुसरीकडे काढा.

मधुमालती
आणि विक्रेत्याचा दावा की एरोबिक प्लांट घेतला तर अंतराची काळजी नको?

डॉ_परसदार
क्लोरीनच्या गोळ्या संपल्या त्या दिवशी तो दावाही संपला. अंतर कधी संपत नाही.

आंजर्ले_लाटा
रेल्वेत असतात तसल्या डीआरडीओच्या बायोडायजेस्टरबद्दलही हेच का? आमच्याकडे एक जण "पिता येईल असं पाणी निघतं" म्हणून विकतोय.

चिरेखाण
ती हवेशिवाय चालणारी टाकी आहे, जीवाणू चांगले आहेत, गाळ कमी साठतो. पण बाहेरचं पाणी मातीत किंवा वाफ्यात न्यावंच लागतं. पिण्याचं सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. तसंच दर महिन्याला टाकायची जीवाणूंची पावडरही नको. सुरुवातीला बादलीभर कुजलेल्या शेणाचा काला टाका, पुढचं काम मैल्यातलेच जीवाणू करतात. ॲसिड आणि फिनेल ओतून त्यांना मारू नका एवढं बघा.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांना हा धागा मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांचा खोल खड्डाही आमच्या विहिरीच्या रोखाने आहे, तोही बंद करून वाफा करू, गवंडी एकच लावू. दोन्ही विहिरींचे नमुने सोमवारी जिल्हा प्रयोगशाळेत जातायत. टाकी चिऱ्याची करावी की तयार फायबरची? फायबरची लवकर बसते म्हणतात.

चिरेखाण
नुसत्या चिऱ्याची नको, चिरा झिरपतो. काँक्रीटची करा आणि माती लोटायच्या आधी काठोकाठ भरून एक दिवस ठेवा, पातळी उतरली तर गळती तिथेच पकडा. फायबरची घेतलीत तर ती खाली काँक्रीटच्या थराला पट्ट्यांनी बांधून घ्या आणि कधीही पावसाळ्यात उपसू नका. भोवती जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली की ती पाइप तोडून वर उचलली जाते. उपसायचं ते दोन-तीन वर्षांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिमग्याची माणसं यायच्या आधी.